बंदूक जमा करण्याआधी नळी धुवा

महोदय,

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, गोव्यात मतदान 7 मे रोजी झाले आणि मतमोजणी 4 जूनला, म्हणजे पाऊस तोंडावर असताना. सत्तरी, सांगे, काणकोणकडे कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) राखायला अजून ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या, बंदुका आहेत. बार उडवून न धुता जमा केलेली अशी बंदूक गंजून परत येते आणि बोल ठाण्यातल्या ओलीला लागतो. ओल खरी, पण गंजाचे मूळ नळीतच असते.

या बंदुकांत भरतात त्या काळ्या दारूत सोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक असतो. जळल्यावर तिचा वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर जातो, बाकीचा नळीला धरतो. हे पोटॅशियमचे क्षार हवेतले पाणी ओढतात. आपल्याकडच्या दमट हवेत ही काजळी दुसऱ्या दिवशीच चिकट होते आणि तिच्याखाली लोखंड खाल्ले जाऊ लागते. माकडे पळवायला नुसत्या दारूचा बार उडवला, छर्रे घातले नाहीत, तरी हेच होते. वरून तेल चोपडून भागत नाही. क्षार तेलात विरघळत नाहीत, ते पाण्यातच विरघळतात. अमेरिकेत काउबॉय पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांत काळ्या दारूची काडतुसे वापरणारे रिकामी पितळी काडतुसे लगेच साबणाच्या पाण्यात टाकतात, तेही याच कारणाने.

धुण्याआधी बंदूक रिकामी आहे ना ते पाहावे. केप, म्हणजे निपलवर (नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळ खुंटीवर) बसणारी ठिणगीची टोपी, काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नव्हे; दारू आणि छर्रे आतच असतात. नळीचे तोंड माणसांपासून दूर धरून गज (दारू ठासायची सळई) तळापर्यंत सोडावा, तोंडाशी खूण करावी आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. टोक निपलच्या कानापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाण्याच्या भोकापर्यंत, न पोचता अलीकडेच थांबत असेल तर बार भरलेला आहे असे धरावे. तो घरी उकरून काढू नये, बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडेच न्यावी. आत पाणी गेले म्हणून दारू मेली असे धरू नये. वाळली की ती पुन्हा पेटू शकते.

रिकामी असल्याची खात्री पटली की निपल चावीने काढून साबणाच्या पाण्यात टाकावे. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर सोडवावी आणि तिचे मागचे टोक बादलीत, हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात उभे करावे. गजाला चिंधी गुंडाळून वरखाली केले की कानातून पाणी आत ओढले जाते आणि काळे होऊन बाहेर येते. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहावे. उकळते पाणी आम्ही टाळतो, कारण त्याने धुतलेल्या नळीत बघता बघता तांबूस गंज धरतो. मग कोरड्या चिंध्या, थोडे ऊन आणि शेवटी बंदुकीच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल नको, ते गोठते आणि खवट होते. निपलच्या आट्यांना थोडे ग्रीस लावावे, नाहीतर ते पुढे सुटत नाही. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवावी. तपकिरी निघाली तर पुन्हा धुवावे. सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो नळीचा बंद तळ. तिथली भिंत पातळ झाली की नळी फुटण्याचा धोका, आणि तीच जागा डोळ्यांना दिसत नाही.

जमा करताना नळीच्या तोंडात बोळा कोंबू नये, चामड्याच्या म्यानात घालू नये. दोन्ही ओल धरून ठेवतात.

प्रशासनाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. जमा करून घेताना प्रत्येक ठासणीच्या बंदुकीची गजाने तपासणी करून ती रिकामी असल्याची नोंद पावतीवर करावी. भरलेली बंदूक ठाण्यात पडून राहणे तिथल्या कर्मचाऱ्यांच्याच जिवावरचे आहे. दुसरी, मुदत महिन्यापलीकडे लांबली तर परवानाधारकाला पोलिसांसमोर एकदा नळीत तेलाची चिंधी फिरवू द्यावी. दहा मिनिटांचे काम आहे. बंदुका भिंतीला टेकवताना तोंड खाली ठेवले तर तेल तळाशी आणि निपलमध्ये साचणार नाही, एवढेही ठाण्यातल्या मंडळींनी पाहावे.

– काही परवानाधारक बागायतदार, सत्तरी