परिचारिकेचा खिसा आणि लेखी खुलासा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ड्यूटी संपवून बाहेर पडणाऱ्या परिचारिकांच्या पिशव्या आणि खिसे रुग्णालयाच्या फाटकावर तपासावेत व सरकारी वस्तू सापडल्यास लेखी खुलासा मागवावा, अशी सूचना अधूनमधून कुठे ना कुठे पुढे येते. गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीच्या मुलीकडून अशाच एका खुलाशाची हकीकत ऐकली. ती स्वतः आता अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आहे. तिच्या खिशात चिकटपट्टीचे अर्धे संपलेले रीळ, सुयांची दोन टोपणे आणि डिस्टिल्ड वॉटरचे एक अ‍ॅम्प्यूल (छोटी सीलबंद कुपी) सापडले, आणि या ऐवजासाठी तिला दीड पानाचा खुलासा लिहावा लागला. मी 32 वर्षे सेवा करून परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले आहे. त्यातली निम्मी वर्षे प्रसूती विभागात गेली. या विषयात चोरीच्या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, दुसरा एक प्रश्न आहे आणि तो कोणी मांडत नाही, म्हणून हे पत्र.

खिशात वस्तू येते कशी, हे वॉर्डाबाहेरच्या माणसाला सांगावे लागते. रुग्णाचे इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवलेली नळी, निघाले की एका हाताने शिरेवर कापूस दाबून धरायचा असतो आणि चिकटपट्टी दुसऱ्या हाताला लगेच मिळावी लागते. ट्रे वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर रीळ खिशातच हवे. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. माझ्या रात्रपाळ्यांत साऱ्या वॉर्डाला आम्ही दोघी असायचो आणि रुग्ण खाटांवर होते तसेच खाटांखाली गाद्या टाकूनही होते. अशा वेळी खिसा हाच ट्रे होतो. त्यातून महिन्याच्या इंडेंटप्रमाणे (मागणीपत्राप्रमाणे) सामान पूर्ण येईलच याची खात्री नसते, त्यामुळे अनुभवी सिस्टर दोन-चार वस्तू स्वतःजवळ ठेवते. कोविडच्या काळात पीपीई किटला खिसाच नव्हता, तेव्हा पहिल्या आठवड्यात अर्धी पाळी निव्वळ येरझाऱ्यांत जात असल्याचे मुली सांगत. सकाळी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवून, रात्रभर न टेकलेली पाठ घेऊन बाई निघते, ती खिसा तपासायला थांबत नाही.

कायद्यापुरते एवढेच, की पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम 378 घ्या किंवा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम 303 घ्या, चोरी ठरण्यासाठी हेतू अप्रामाणिक असावा लागतो. विसरभोळेपणाला ते कलम लागत नाही. जे खोक्यांनी माल बाहेर काढतात त्यांना खिशाची गरज पडत नाही, हे फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक असते.

आता मूळ मुद्दा. खिशातून घरी गेलेल्या वस्तूपेक्षा घरून परत आलेली वस्तू अधिक घातक असते. हे मला उशिरा कळले. माझ्या घरी फ्रिजवर श्रीखंडाचा एक रिकामा डबा असे. कपडे भिजवण्यापूर्वी खिसे उलटे करायचे, निघेल ते त्या डब्यात टाकायचे आणि डबा भरला की पिशवीत घालून वॉर्डात नेऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या जागी लावायचे, असा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. मला त्याचा अभिमानही होता. सरकारचा दोरासुद्धा घरात राहू द्यायचा नाही, अशी आमच्या पिढीची शिकवण.

त्या डब्यात एकदा ऑक्सिटोसिनची दोन अ‍ॅम्प्यूल निघाली. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात आईला हे इंजेक्शन 10 युनिट देतात, गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. त्या मिनिटात फ्रिजकडे कोण धावणार? बाई टेबलावर घेतली, की लेबर रूममधली सिस्टर एखादे अ‍ॅम्प्यूल आधीच खिशात ठेवते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात साठवायचे असते, आणि खिशाला अंगाची ऊब असते. माझी ती दोन अ‍ॅम्प्यूल आठ तास खिशात, मग एप्रिल महिन्यात बसच्या गर्दीत, मग चार दिवस फ्रिजच्या वर (आत नव्हे, वर) राहिली होती. आणि मी ती प्रामाणिकपणे परत नेऊन वॉर्डाच्या फ्रिजमध्ये इतर अ‍ॅम्प्यूलच्या रांगेत ठेवली. औषधाचा जोर उतरला आहे की नाही, हे काचेकडे पाहून कळत नाही. दुसऱ्या दिवशी मोजदाद बरोबर भरली. ती दोन कोणत्या बाईला टोचली गेली, आणि तिचा रक्तस्राव वेळेत थांबला की तिला रक्ताची बाटली लावावी लागली, हे मला आजतागायत माहीत नाही. निवृत्त होण्याच्या सुमारास एका प्रशिक्षणात शीतसाखळीवरचे (औषधे सतत थंड ठेवण्याविषयीचे) व्याख्यान ऐकताना ते फ्रिज डोळ्यांपुढे आले आणि पुढचे व्याख्यान माझ्या कानांत शिरले नाही.

दुसरी भीती पोटॅशियम क्लोराइडची. त्याचे 10 मिलिलीटरचे अ‍ॅम्प्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरचे अ‍ॅम्प्यूल यांत कित्येकदा लेबलाखेरीज फरक नसतो, आणि खिशात घामाने, किल्ल्यांच्या घासण्याने ते लेबल पुसट होते. पहिले पातळ न करता थेट शिरेत गेले, तर हृदय थांबू शकते. असे पुसट अ‍ॅम्प्यूल चुकून पाण्याच्या खोक्यात ठेवले गेले, तर रात्री तीन वाजता औषध विरघळवणाऱ्या मुलीने काय करावे? निर्जंतुक वस्तूंचेही तेच आहे. सिरिंजच्या वेष्टनाला खिशात टाचणीएवढे भोक पडले, तरी ती सिरिंज निर्जंतुक राहत नाही, दिसायला मात्र नवीकोरी दिसते.

म्हणूनच खुलाशाच्या धाकाचे मला भय वाटते. धाक बसला, की दोनच गोष्टी घडतात. पहिली म्हणजे वस्तू गुपचूप जागेवर ठेवली जाते, जशी मी ठेवत असे. दुसरी म्हणजे ती घरच्या केराच्या डब्यात जाते. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 प्रमाणे रुग्णालयात सुयांना न भोसकला जाणारा पांढरा डबा आणि फुटक्या अ‍ॅम्प्यूलच्या काचेला निळी खूण असलेला डबा ठरलेला आहे. घंटागाडीत असे काही नसते, तिथे सफाई कामगाराचा हात असतो.

उपाय खर्चिक नाही. परिचारिकांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, दाराशीच, न भोसकला जाणारा एक बंद डबा ठेवावा. जाताना खिशातले त्यात टाकावे. चुकून घरी गेलेले दुसऱ्या दिवशी आणून टाकावे. नाव विचारू नये, नोंद फक्त वस्तूची करावी. त्या डब्यातली कोणतीही वस्तू, ती कितीही नवी दिसली तरी, पुन्हा वापरात घेऊ नये. आठवड्यातून एकदा परिसेविका आणि औषधनिर्माता यांनी मिळून ती वॉर्डाच्या रजिस्टरमधून कमी करावी आणि कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तिची विल्हेवाट लावावी. नुकसानीची बेरीज काहीशे रुपयांत जाईल, आणि कुठली वस्तू वारंवार येते हे पाहून ट्रे कुठे कमी पडतो तेही कळेल. चिकटपट्टीची रिळेच रोज येत असतील, तर दर चार खाटांमागे एक रीळ टांगावे, म्हणजे खिशाला काम उरणार नाही. गणवेशही रुग्णालयाच्या धोबीखान्यातच धुतला जावा. कुठल्याशा जखमेवरची पट्टी कापलेली कात्री ज्या खिशात होती, तो खिसा घरच्या बादलीत लेकराच्या झबल्याबरोबर भिजू नये.

यातून एक अपवाद मात्र करावा लागेल. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी तीव्र वेदनाशामक, 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारी औषधे, आणि त्यांच्या कपाटाची किल्ली, यांची वाट डब्यातून जात नाही. ती किल्ली एकदा माझ्याबरोबर लोकलने डोंबिवलीपर्यंत आली होती. तेव्हा मोबाइल नव्हते. मी उलट्या गाडीने परत गेले तोवर भाजलेल्या एका बाईचे ड्रेसिंग खोळंबले होते आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. अशा वेळी लगेच फोन करावा, दोघींच्या सहीने नोंद व्हावी, आणि फोन करणारीला पहिला प्रश्न "का नेलीस?" हा नसून "किती वेळात पोहोचतेस?" हा असावा.

आपली,
एक सेवानिवृत्त परिसेविका