बी-6 वरचा उंट

डॉर्टमुंड, रविवार रात्र

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आज आमच्या बुद्धिबळ क्लबचा लीगमधला सामना होता. आठ पटांपैकी सहाव्या पटावर मला काळी मोहरी आली आणि मी जिंकले. आईला निकाल पुरेल, तुम्हाला डाव हवा असणार, म्हणून लिहीत आहे.

समोरच्या गृहस्थांनी रुय लोपेझ ही सुरुवात मांडली. क्रामनिकने 2000 साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हला रुय लोपेझविरुद्धच्या बर्लिन बचावाने जेरीस आणल्यापासून त्याची तयारी सगळेच करून येतात, आणि हे तर जर्मनीच! मी मात्र तिसऱ्या चालीला, तुम्ही हरभट रोडच्या घरी शिकवलात तसा, उंट सी-5 वर काढला. त्या जुन्या क्लासिकल बचावाला पाहून ते किंचित हसले आणि चौथ्या चालीला त्यांनी किल्लेकोट केला. मी घोडा डी-4 वर घातला, घोड्यांची मारामारी झाली, आणि सी-3 येताच माझा उंट बी-6 वर जाऊन बसला.

पुढच्या वीस चाली तो तिथून हलला नाही. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धेत असाच उंट मी उतावीळपणे देऊन टाकला होता आणि तुम्ही घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, ते आज सारखे आठवत होते. मधली प्यादी मारली गेली तसा त्याचा कर्ण थेट एफ-2 च्या प्याद्यापर्यंत मोकळा झाला, आणि त्या प्याद्यामागेच जी-1 वर राजा होता. माझा वजीर जी-6 वर होता आणि दुसरा उंट सी-8 वरून एच-3 च्या प्याद्यावर रोखलेला. घड्याळात चार मिनिटे उरलेल्या त्या गृहस्थांनी घाईने जी-3 केले, कारण त्या प्याद्याला एफ-2 चा जोर आहे असे त्यांनी धरले. पण एफ-2 चे प्यादे बी-6 च्या उंटामुळे जागीच जखडलेले होते. मी वजिराने जी-3 मारून शह दिला, राजा कोपऱ्यात सरकला, एच-3 चे प्यादेही शहासह उचलले, तेव्हा त्यांनी घड्याळ थांबवून हात पुढे केला. आता मात्र हसू नव्हते.

चालींच्या कागदाचा फोटो दादाच्या फोनवर पाठवला आहे. पट मांडून बाविसावी चाल अवश्य पाहावी. तिथे हत्ती डी-8 ऐवजी ई-8 वर हवा होता का, असा मला संशय आहे.

आपली लेक