हाराचा फासा

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे ताईकडून कळलं, जीव भांड्यात पडला. हे पत्र आईनं वाचून दाखवावं, बाबांनी डोळ्यांना ताण देऊ नये. माझी तब्येत उत्तम आहे. घरात हीटर चोवीस तास असतो, तेव्हा स्वेटर पाठवू नका. परवा फोनवर आवाज बसलेला वाटला तो नुसत्या सर्दीनं. जेवतेही व्यवस्थित.

बाबा, तुम्ही सांगितलेली जागा रविवारी पाहून आले. न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग प्लेसवर, अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, पीट्स टॅव्हर्न. आई, हो, तिथे दारू मिळते, पण लोक मुलाबाळांना घेऊन जेवायला येतात आणि मी फक्त सूप घेतलं. गोष्टी लिहिणारा ओ. हेन्री जवळच राहायचा. ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही गोष्ट त्यानं इथल्याच एका बाकावर बसून लिहिली, असं तिथले लोक सांगतात. 10 डिसेंबर 1905 ला ती ‘न्यूयॉर्क संडे वर्ल्ड’मध्ये छापून आली. त्या बाकाशी पाच मिनिटं उभी राहिले आणि मला आपली पडवी, तुमची शिकवणी आणि तो फळा दिसला.

इथली एक रीत मात्र सांगायलाच हवी. नाताळात ऑफिसातले लोक एकमेकांना भेटी देतात आणि सोबत दुकानाची पावतीही देतात! पावतीवर किंमत नसते. वस्तू आवडली नाही तर ती पावती घेऊन दुकानात जायचं आणि दुसरं काहीतरी घ्यायचं. देणाऱ्याला राग येत नाही, उलट पावती दिली नाही तर अडचण केल्यासारखं होतं. आपल्याकडे लग्नात आलेला चौथा लेमन सेट माळ्यावर जातो, पण परत करायचं कुणाच्या मनातही येत नाही. मी दिलेली शाल एकीनं बदलून घेतली आणि तसं मला हसत सांगितलंही. मला दोन दिवस वाईट वाटत राहिलं. मग त्या गोष्टीतले नवरा-बायको, जिम आणि डेला, आठवले. डेलानं केस 20 डॉलरला विकले आणि जिमच्या घड्याळासाठी 21 डॉलरची साखळी आणली. जिमनं घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणले. साखळी दुकानात परत करता आली असती, पण घड्याळ गेलं ते गेलं. तरी दोघं त्याच संध्याकाळी सगळं बोलून मोकळे झाले. केस लवकर वाढतात म्हणाली ती.

तुम्ही फळ्यावर या गोष्टीच्या शेजारी फ्रेंच लेखक मोपासांची ‘नेकलेस’ लिहायचात. 1884 सालची पॅरिसमधली. शेवटी दोन्ही गोष्टी उलटतात, म्हणून त्या सख्ख्या बहिणी, असं तुम्ही म्हणायचात. परवा पुन्हा वाचल्यावर मला तसं वाटलं नाही. मैत्रिणीकडून मागून आणलेला हार हरवल्यावर नवरा बायकोला, मातिल्डला, त्या मैत्रिणीला पत्र लिहायला लावतो: हाराचा फासा तुटलाय, दुरुस्तीला दिलाय. माझ्या मते गोष्ट तिथेच फिरते. शेवटी कळतं की हार खोटा होता, फार तर 500 फ्रँकचा, आणि त्याच्या बदल्यात यांनी 36,000 चा आणून दिला. दहा वर्षं कर्ज फेडलं, मोलकरीण काढली, माळ्यावरच्या खोलीत राहिले, भांडी घासून तिच्या हातांची रया गेली. पहिल्याच दिवशी ती मैत्रिणीच्या दारात जाऊन रडली असती तर? कर्जानं नाही, त्या पत्रानं त्यांचं वाटोळं झालं. तुम्हाला पटत नसेल तर तसं लिहा, पण मी यावर पुष्कळ विचार केलाय.

कारण तशी चार पत्रं मीही पाठवली आहेत. ‘ऑफिस छान, घर प्रशस्त.’ ऑगस्टपासून माझा पगार कमी झालाय. जिमचाही 30 वरून 20 वर आलेला असतो, बाबा, आठवतं? नोकरी गेलेली नाही, घाबरू नका. जुनं घर सोडून मी आता दोघींबरोबर राहते. मुली चांगल्या आहेत, स्वयंपाक वाटून घेतो.

आई, ताईनं मला तुझ्या पाटल्यांचं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. माझ्यापासून लपवून तू त्या बँकेत सोनेतारणाला ठेवल्यास, कारण मी आधीच दमते असं तुला वाटलं. आणि मी पगाराचं लपवलं, कारण लग्नाच्या धावपळीत तुम्हाला घोर नको. ताईच्या लग्नाला 5 लाख देईन म्हणाले होते, 3 होतील. ते सोमवारी पाठवते. त्यातून आधी पाटल्या सोडवून आणा. हॉल लहान घ्या, ताईची हरकत नाही, मी विचारलंय. साखरपुड्याला मला येता येणार नाही, रजा शिल्लक नाही. लग्नाला मात्र दहा दिवस येते, तिकीट काढलंय. तू पाठवलेल्या दोन स्थळांचं तेव्हा समोरासमोर बोलू. मी नाही म्हणत नाहीये, पण पत्रातून हो म्हणवत नाही.

आणि बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते मला खरं कळवा.

तुमची,
धाकटी