पंचवटीतल्या मावशींना, उशिरा लिहिलेलं पत्र

ती. मावशी,
सा. न.

मोबाइलवर वाचायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांना पाणी येतं, तेव्हा नातीला शेजारी बसवून हे वाचून घ्या. तिच्यासमोर एक कबुलीही देऊन टाकतो. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा तुमच्या, बाळकृष्णाची अंगडी शिवणाऱ्या दुकानात आलो, तेव्हा ‘मुलीच्या बाहुलीसाठी हवंय’ म्हणालो होतो. मला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत, आणि माझ्या कपाटातल्या एकवीस बाहुल्यांबद्दल ते मित्रांसमोर चकार शब्द काढत नाहीत. तुम्ही तेव्हाच ओळखलं असणार, कारण ‘मुलगी कितवीत आहे?’ असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. त्याबद्दल पहिले आभार.

सातपूरच्या कारखान्यात माझं काम मापं तपासण्याचं. त्यामुळे बाहुलीच्या नऊवारीचाही मी हिशेबच मांडून आणला होता. बाहुली साडेअकरा इंची, म्हणजे माणसाच्या साधारण एक-षष्ठांश. नऊ वार म्हणजे २७ फूट, भागिले ६, साडेचार फूट लांबी आणि पावणेआठ इंच पन्हा. कागद पाहून तुम्ही म्हणालात, “लांबी-रुंदी भागलीत, कापडाची जाडी कोण भागणार?”

इथेच माझे तीन महिने वाया गेले होते. येवल्याहून मी खऱ्या पैठणीचा तुकडा आणला, निऱ्या घातल्या, तर बाहुली गरोदर दिसायला लागली. पदरावरचा मोर तिच्या डोक्याहून मोठा. तुम्ही तो तुकडा घडी घालून परत दिलात (“हा पर्सला लावा”) आणि चार धुण्यांत मऊ पडलेली मलमल काढलीत. काठाला बाळकृष्णाच्या अंगड्याची अर्ध्या बोटाची जरीची लेस. निऱ्या साबुदाण्याच्या खळीत भिजवून, टाचण्या लावून रात्रभर ठेवल्या. लांबी साडेचारची तीन फुटांवर आणली. मी कुरकुरलो, तर म्हणालात, “नऊ वार मोजायला कोण येणारे? काष्टा नीट बसला पाहिजे.” नेसवून झाल्यावर कमरेला आणि काष्ट्याला चार टाके. ‘शिवलेली नऊवारी नको’ म्हणून हटून बसलेला मी ते टाके बघून गप्प राहिलो, कारण ते दिसतच नव्हते.

बाराबंदीच्या वेळी मात्र उलट झालं. एवढ्याशा अंगावर बारा बंद म्हणजे घोणीचे पाय दिसतील, आठवर भागवू, असं मीच सुचवलं. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. “मग नाव काय ठेवणार, आठबंदी?” आणि दोऱ्याला पीळ देऊन बाराच्या बारा बंद केलेत. कुठे छाटायचं आणि कुठे अजिबात नाही, हे मला अजून साधत नाही.

पण हे पत्र खरं तर गोपिकाबाईंसाठी आहे. नाशकातल्या माणसाच्या संग्रहात नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई हव्यातच, म्हणून मी मोठ्या हौसेनं जांभळी नऊवारी, मोत्यांची नथ, खणाची चोळी अशी तयारी घेऊन आलो. तुम्ही विचारलंत, “बाई कुठल्या सालातली?” मी म्हणालो, नाशकातली. तुम्ही नथ उचलून बाजूला ठेवलीत.

इतिहास मला पाठ होता. १७६१ मध्ये पानिपतावर मुलगा विश्वासराव गेले, त्याच वर्षी नवरा नानासाहेब. पुढे १७७२ मध्ये दुसरा मुलगा माधवराव, १७७३ मध्ये धाकट्या नारायणरावांचा खून. नाशिकजवळच्या गंगापूरची वर्षं, आणि १७८८ मध्ये इथेच शेवट. सगळी सालं तोंडावर असून मी तिला नथ घालायला निघालो होतो! आपल्याकडे ऐतिहासिक पोशाख म्हटलं की सगळ्या बायका लग्नाला निघाल्यासारख्या सजवायच्या, त्यातलाच मी.

मग तुम्ही तुमच्या वडिलांच्या आत्याची गोष्ट सांगितलीत. लाल आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, आत चोळी नाही, डोक्यावरून पदर कधी ढळू द्यायचा नाही. आणि लहानपणी तुम्ही त्या पदराला धरून घाटावर जायचात. लाल मलमल तुम्ही चहाच्या पाण्यात बुडवून मळकी केलीत. जर नाही, काठ नाही. पदर डोक्यावरून असा घेतलात की केसांचा प्रश्नच उरला नाही. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक आलं, तर तुम्ही “उद्या या” म्हणालात. मशीन बंदच होतं, सगळं हातानं चाललं होतं.

पैसे विचारले, तर बाळकृष्णाच्या अंगड्याचा भाव लावलात. तो व्यवहार मला अजून पटलेला नाही. त्यावर आपण भांडू.

ती बाहुली आता कपाटात मधोमध उभी आहे. पाहुणे आधी रंगीत बाहुल्यांपाशी थांबतात, मग तिच्यापाशी येऊन ‘ही कोण?’ विचारतात. धाकटा परवा स्वतःहून कुणाला तरी तिची गोष्ट सांगत होता. मित्रच होता त्याचा.

गौरी-गणपतीच्या गर्दीत तुम्हाला त्रास देत नाही. नवरात्र उरकलं की आनंदवलीच्या, राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंना घेऊन येतो. साल या वेळी आधीच ठरवलंय. राघोबादादा गेले डिसेंबर १७८३ मध्ये, मी त्याच्या बरीच वर्षं आधीच थांबलोय. तेव्हा ती मोत्यांची नथ तुमच्याच डब्यात असेल, तर टाकू नका.

तुमचा,
सातपूरचा मापवाला