न दुखणाऱ्या डोळ्याविषयी

नाशिकरोड

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की, दुपारनंतर स्क्रीनकडे पाहताना डोळे चुरचुरतात, म्हणून चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रावर नंबर काढून घेतला, नवा चष्मा केला आणि आता बरे आहे. त्या वेळी मी गप्प राहिलो. फोनवर सांगायला गेलो असतो तर "हो बाबा, बघतो" म्हणून तू विषय बदलला असतास. पत्र निदान टेबलावर पडून राहते, आणि तुझ्या हातून नाही तरी सूनबाईंच्या हातून वाचले जाते.

माझे उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, एवढेच तुला ठाऊक आहे. त्या निमित्ताने जे दुसरे निघाले ते मी तुम्हा भावंडांना मुद्दामच सांगितले नव्हते, आणि ती माझी चूक झाली, कारण ते माझ्यापेक्षा तुमच्या कामाचे आहे. माझ्या डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. उजव्यात त्याची सुरुवात आहे.

मोतीबिंदूचे मला स्वतःलाच कळले होते. प्रेसमध्ये आयुष्यभर छापील शीट डोळ्यांखालून घालून त्यांतले दोष काढले, ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. एकदा दिनदर्शिकेवरचा निळा रंग एकेक डोळा झाकून पाहिला, तर उजव्या डोळ्याला तो मळकट, हिरवट दिसला. डोळ्यातले भिंग वयानुसार पिवळे आणि धुरकट होत जाते व ते निळा रंग आधी गिळते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. ऑपरेशनबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. तीन मिलिमीटरहूनही लहान छेदातून जुने भिंग बारीक करून ओढून घेतात आणि घडी घातलेले कृत्रिम भिंग आत सोडतात. टाकाही पडला नाही. हे कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवले ते १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरे तर त्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा त्यांना फारसा विरोध करत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. हे वाचले तेव्हा आपल्या डोळ्यात विमानाची खिडकी बसली आहे असे वाटून मला उगीचच बरे वाटले. पट्टी काढल्यावर तुझ्या आईचे पांढरे पातळ पांढरे दिसले; इतकी वर्षे ते मी साईच्या रंगाचे समजत होतो.

काचबिंदूचे मात्र मला काही म्हणजे काही कळले नव्हते. ऑपरेशनपूर्व तपासणीत डॉक्टरांनी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून आत पाहिले आणि विचारले, "घरात कोणाची नजर गेली होती का?" मी "नाही" म्हणालो. मग थोड्या वेळाने मला अण्णा आठवले.

तुला आजोबा आठवत असतील ते जुन्या नाशकातल्या वाड्याच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेले. तू बाजूने हळूच येऊन त्यांचा पंचा ओढायचास आणि ते दचकायचे. तुला तो खेळ वाटे, आम्हालाही. दिंडी दरवाजाच्या चौकटीला त्यांचा खांदा लागे, मेन रोडला गर्दीत माणसे त्यांना धडकत, ताटाच्या कडेची वाटी लवंडे. आणि आम्ही सगळे म्हणायचो, अण्णांचे लक्ष नसते. जो माणूस वर्तमानपत्रातली बारीक टाइपातली पाणीपातळी वाचतो त्याच्या नजरेबद्दल शंका कोण घेणार? दर दोन वर्षांनी ते नवा नंबर काढून आणत, आणि ज्या दुकानातून आणत तिथे डोळ्याचा दाब मोजण्याची सोय नव्हती. पुढे सर्वांनीच "वय झाले" म्हणून सोडून दिले, त्यांनी स्वतःही. आज माझ्या अहवालाकडे पाहताना मला खात्री वाटते की, तो काचबिंदूच होता. कागदोपत्री पुरावा माझ्याकडे नाही, पण आता लक्षणे एकेक करून जुळतात.

हा आजार समजावून घेण्यात मी बराच वेळ घालवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बुबुळाच्या मागे पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निचरून जातो. निचरा मंदावला की आतला दाब वाढतो. साधारणतः १० ते २१, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, हा दाब ठीक मानतात. माझा डाव्या डोळ्यात २६ निघाला. मागच्या बाजूने मेंदूकडे जाणारी नस दहा लाखांहून अधिक तंतूंची असते, आणि ते तंतू हळूहळू मरत जातात. काहींच्या बाबतीत दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही नस झिजते, म्हणून नुसता दाब मोजून सुटका नाही, नसही पाहावी लागते. मेलेले तंतू परत येत नाहीत. मोतीबिंदू आणि काचबिंदू या नावांतल्या सारखेपणाने मोठा घोटाळा केला आहे: लोक समजतात की, हाही पिकू द्यावा आणि मग ऑपरेशनने नजर परत येईल. काचबिंदूत थेंब, लेझर किंवा ऑपरेशन यांनी राहिलेली नजर राखता येते, गेलेली आणता येत नाही.

आणि ती कडेकडून जाते. माझे दृष्टिक्षेत्र मोजले तेव्हा हनुवटी टेकवून मधल्या खुणेकडे पाहायचे आणि आजूबाजूला प्रकाशाचा ठिपका लुकलुकला की बटण दाबायचे होते. मला वाटले, आपण उत्तम दाबतो आहोत. छापून आलेल्या कागदावर डाव्या डोळ्याचा नाकाच्या बाजूचा वरचा एक पट्टा काळा होता. घरी येऊन मी उजवा डोळा झाकून तो काळा पट्टा शोधू लागलो. तो कुठेच दिसेना. तो काळा दिसतच नाही. मेंदू आजूबाजूचे रंग घेऊन ती जागा भरून काढतो, आणि दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा झाकतो. प्रेसमध्ये आम्हाला शिकवले होते की, नक्षीतली एखादी रेघ गळली असेल तर शेजारी निर्दोष शीट ठेवल्याशिवाय ती सापडत नाही. डोळ्याशेजारी ठेवायला दुसरा निर्दोष डोळा आपल्याकडे नसतो. नाशकातल्या द्वारका चौकात उजवीकडून घुसणारी दुचाकी मला गेली दोन वर्षे "अचानक" दिसत होती. मी दुचाकीवाल्यांना दोष देत होतो. तो दोष काही अंशी त्यांचाही आहेच.

आता तुझ्याविषयी. ज्याच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे त्याला तो होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो, आणि चाळिशीनंतर तो वाढत जातो. तुला ४१वे लागले आहे. शिवाय तुझा लांबचा नंबर मोठा, उणे सहाच्या पुढचा. तेही काचबिंदूच्या बाबतीत पथ्यावर पडणारे नाही. तेव्हा तुझी चुरचुर आणि ही तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात घे. स्क्रीनकडे पाहताना माणूस पापण्या मिटायला विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी पाच-सात वेळाच मिटते, आणि एसीत बुबुळ कोरडे पडते. त्यावर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहणे, पापण्या पूर्ण मिटणे, एसीचा झोत तोंडावर न घेणे, हे पुरेसे आहे. नाही पुरले तर डॉक्टर कृत्रिम अश्रूंचे थेंब देतील. हा त्रास आहे, धोका नाही. तुला चुरचुर कळली म्हणून तू उठून दुकानात गेलास. ज्यासाठी जायला हवे होते ते तुला कळणारच नाही, म्हणून हे पत्र.

मोठ्या नंबराच्या डोळ्यात आणखी एक गोष्ट संभवते. नजरेपुढे एकाएकी काळे ठिपके किंवा जाळी पुष्कळ वाढली, कडेला विजेसारखे चमकले, अथवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर डोळ्याच्या आतला पडदा सुटत असू शकतो. अशा वेळी ऑफिस, मीटिंग, काहीही असो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा.

चष्म्याचे दुकान वाईट, असे माझे म्हणणे नाही. नंबर काढणे आणि डोळा तपासणे यांत फरक आहे, एवढेच. मला अधिक भीती वाटते ती औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या थेंबांची. तुझ्या निफाडच्या मामाला गोडी छाटणीच्या वेळी द्राक्षाची काडी डोळ्याला लागली होती. लाली उतरावी म्हणून त्याने कोणा ओळखीच्याने दिलेले स्टेरॉइडचे थेंब घातले. दोन दिवसांत डोळा पांढरा झाला, तो खूश झाला, आणि आतल्या जखमेत बुरशी वाढत गेली, कारण हे औषध लालीबरोबर डोळ्याची प्रतिकारशक्तीही दाबून टाकते. पुढे बुबुळावर फूल पडले ते पडलेच. तेच थेंब महिनोन्महिने घातले तर काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते तेव्हा आपल्या गल्लीत एकच बाटली तीन घरांत फिरत होती. तिच्यात काय होते ते कोणी वाचलेही नव्हते. मध, गुलाबपाणी, तुपाचे थेंब यांविषयीही माझे मत आता तेच झाले आहे. आजीवर माझा विश्वास आहे, पण तिच्या बाटलीच्या स्वच्छतेवर नाही.

तुझ्या आईला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली. साखर ताब्यात आहे या आनंदात तिने डोळ्याचा पडदा कधी तपासून घेतला नव्हता. मधुमेहात तो निदानाच्या वेळी आणि पुढे दर वर्षी पाहायचा असतो. माझ्याबरोबर तिलाही नेले. सुदैवाने पडद्यावर काही निघाले नाही.

छोटीला नंबर लागला म्हणून सूनबाई रडल्या, असे कळले. रडण्याचे कारण नाही. चष्मा नियमित वापरू द्या. न वापरल्याने किंवा कमी नंबराचा दिल्याने नंबर उतरत नाही. डोळ्यांच्या व्यायामांनी चष्मा घालवण्याचे जे व्हिडिओ तुझी आत्या कुटुंबाच्या गटावर टाकते, तेही तिला दाखवू नका. अशा मुलांचा डोळा मागे लांबत जातो, आणि लांबलेला डोळा व्यायामाने आखूड होत नाही. पुढचे लांबणे मात्र मंद करता येते, त्यासाठी काही मुलांना अगदी सौम्य अॅट्रोपिनचे थेंब देतात; त्याविषयी तिच्या डॉक्टरांना विचारा. मुलाने रोज दोन तास उन्हाच्या उजेडात घालवले तर नंबर लागण्याची शक्यता कमी होते, हेही सिद्ध झालेले आहे, तेव्हा छोटीपेक्षा धाकट्यासाठी ते अधिक महत्त्वाचे. मे महिन्यात दोघे येथे आली की मी त्यांना रोज सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढवीन. मोबाइल खाली आजीजवळ राहील.

माझे म्हणशील तर रात्री नऊला एक थेंब, डोळ्याचा आतला कोपरा दोन मिनिटे दाबून धरायचा, बस्स. डोळा आधीही दुखत नव्हता आणि थेंब घालूनही काही बरे वाटत नाही, त्यामुळे पहिल्या महिन्यात मी चार वेळा विसरलो. आता तुझ्या आईने बाटली देवघरात निरंजनाशेजारी ठेवली आहे. दाब १५वर आला आहे.

तू आणि ताई, दोघांनीही या महिन्याअखेर नेत्रतज्ज्ञाकडे वेळ घ्यावी. "डोळे तपासा" असे मोघम म्हणू नका. वडिलांना काचबिंदू आहे हे आधी सांगा आणि दाब, नस व दृष्टिक्षेत्र या तिन्ही गोष्टी पाहायला सांगा. बाहुली मोठी केल्यावर तीन-चार तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून गाडी स्वतः चालवत जाऊ नकोस. सोबत माझ्या दृष्टिक्षेत्राच्या अहवालाची झेरॉक्स जोडली आहे. ती डॉक्टरांना दाखव. मूळ प्रत मागू नकोस, पुढच्या वेळी तुलनेसाठी ती मलाच लागणार आहे.

तुझे
बाबा