गुप्तचर यंत्रणेला कायदा कधी?

संपादक साहेब,

आपल्या गोव्यात मालीमच्या जेटीवर मासेमारीचे ट्रॉलर लागतात, तिथं कुणी अनोळखी दिसला आणि आपण पोलिसांना सांगितलं तर ती खबर पुढं कुठं जाते हे सामान्य माणसाला कळायला हवं ना? पोलीस राज्याचे, देशातली गुप्त माहिती काढणारी आयबी (इंटेलिजन्स ब्युरो) केंद्रीय गृहखात्याची, रॉ १९६८ पासून परदेशातलं बघते, २६/११ नंतर दहशतवादाच्या गुन्ह्यांचा तपास करणारी एनआयए आली. पण आयबी १८८७ ची, अजून तिला संसदेचा स्वतंत्र कायदा नाही! जर्मनी पण संघराज्यच, तिथं देशातलं बघायला केंद्राची एक आणि १६ राज्यांची आपापली गुप्तचर यंत्रणा, कायद्यानं बांधलेली, अटकेचा अधिकार नाही, वर संसदेची कमिटी लक्ष ठेवते. आपल्या दोन्ही लोकसभा खासदारांनी हा विषय संसदेत काढावाच, अगदी कळकळीनं सांगतो.

– एक वाचक, पर्वरी