बोर्डासमोर मराठीतच बोल

पुणे

प्रिय संतोष,

सप्रेम नमस्कार. यूपीएससीच्या मेन्सच्या निकालात तुझं नाव दिसलं आणि मी ओरडलोच. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

"मुलाखतीला इंग्रजी घ्यायला हवं होतं," असं मॉकला, म्हणजे सराव मुलाखतीत, कुणीतरी तुला ऐकवलं म्हणे. ते डोक्यातून काढ. पेपर तू मराठीत लिहिलेस, डॅफमध्ये, म्हणजे आयोगाच्या सविस्तर अर्जात, मुलाखतीसाठीही मराठी भरलीस. दुभाषी देणं हे आयोगाचं काम आहे. मराठीत तू किती ठामपणे मुद्दा मांडतोस, हे मी मेसच्या टेबलावर रोज ऐकलंय.

फक्त बोलण्याची चाल बदलावी लागेल. दुभाषी तुझं ऐकणार, मग सांगणार. लांबलचक उत्तर दिलंस तर त्याच्याकडून नेमका कणाच सुटायचा. म्हणून निष्कर्ष आधी, कारणं मागून. दोन-तीन वाक्यं झाली की थांब. म्हणी टाळ. 'तेल्या' म्हणालास तर लगेच जोड, "डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग." आणि बोलताना बघायचं बोर्डाच्या अध्यक्षांकडे, दुभाष्याकडे नाही. ही सवय मुद्दाम लावावी लागते.

चालू घडामोडींचा ढीग आता बाजूला ठेव. एकूण २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे हे २७५ गुण ज्ञानाच्या परीक्षेचे नाहीत, असं आयोगच सांगतो. बोर्डातले सदस्य तुझा डॅफ हातात घेऊन बसतात. तुझ्या डॅफमध्ये सांगोला आहे, राहुरीची कृषी पदवी आहे, घरची डाळिंबाची बाग आहे. दुष्काळी तालुक्यात डाळिंब का रुजलं? कोरडी हवा, हलकी जमीन, ठिबक, शेततळी, हे तुला पाठ करायची गरज नाही. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली, हे सांग. पण तिथेच थांबू नकोस. त्यानंतर तेल्या, मर रोग आणि खोडकिड्यानं बागा उपटाव्या लागल्या, तेही सांग. मग पुढचा प्रश्न येणारच: तू जिल्हाधिकारी असतास तर काय केलं असतंस? यावर मात्र बसून विचार कर. रोपवाटिकांची तपासणी, सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला बांधापर्यंत नेणं, पीकविमा... तुझं स्वतःचं मत काय, ते मला हवंय. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांवरही विचारतील. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार, तेही शेतकरी कामगार पक्षाचे. लोकांनी त्यांना का निवडून दिलं, हे तुझ्या आजोबांकडून ऐकून घे.

माहीत नसेल तिथे "माहीत नाही, सर," एवढंच. मूळ कागदपत्रं आधीच एका फाइलमध्ये लाव, दहावीचं प्रमाणपत्र सगळ्यात वर.

शनिवारी रात्री खोलीवर ये, मुक्कामालाच. मी तुझा दुभाषी बनतो. तू मराठीत बोल, मी तिथल्या तिथे इंग्रजीत सांगतो आणि जिथे मी अडेन तिथे तुझं वाक्य मोडून पुन्हा बांधू. डॅफची झेरॉक्स आण.

तुझा,
महेश